भाचीचं मनगट

साखरा, ता. सेनगाव
रविवार, २२ जून २०२५

चि. शिवकन्या हिस,
तातेमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाभळीच्या मुदगलांची एक जोडी, आत शिसं न भरलेली, नुसत्या लाकडाच्या वजनाची. मनगटासाठी दोरीचा रूळ; त्याला खाली वीट बांधायची आणि दोन्ही हातांनी गुंडाळत वर घ्यायची. चामड्याचा पट्टा, आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलेला, म्हणजे घामानं कातडी सोलवटणार नाही. बुटात घालायचे दोन तळवे, ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून कापलेले. एवढ्या वस्तू मी माझ्या हातानं केल्या आणि रोज हिंगोलीला जाणाऱ्या नरसिंगच्या जीपमध्ये ठेवल्या. हिंगोलीच्या स्टँडवर तो तुला देईल. गाठोड्याची गाठ मी अशी मारली आहे की दुसऱ्या कोणी सोडून बांधली तर ओळखू येईल. गाठ तशीच होती का ते कळव.

तुझी मामी विचारून राहिली की फोन असताना पत्र काहून. एक तर तुमच्या भरती अकॅडमीत आठवडाभर मोबाइल कुलपात. रविवारी थोडा वेळ मिळतो, तो तू तुझ्या आईला द्यावास, शिला तुझ्या फोनची वाट पाहत बसते. आणि दुसरं, फोनवर माणूस हो-हो म्हणून मोकळा होतो. कागदावर खोटं लिहिताना हात अडखळतो आणि ते मला अक्षरात दिसतं. पाचवीपासून बारावीपर्यंत तू माझ्या घरी राहून शिकलीस, तुझं अक्षर मी चांगलं ओळखतो.

मागच्या चिठ्ठीत तू मला 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिलास. तसं पुन्हा लिहू नकोस. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामानं भाचीच्या पडायचं असतं. मला पाप लागतं आणि मामी हसते. नुसता नमस्कार पुरे.

आता कामाचं. तुमच्या प्रेमदास सरांबद्दल तू लिहिलंस की ते कोपराच्या वरची एक नस दाबतात आणि पोरगी जागच्या जागी खाली बसते. मी सव्वीस वर्षं ही तालीम चालवतो आहे. जागा मी खणली, माती मी चाळली, तिच्यात ताक आणि तेल मी मुरवलं. मला कोणी उस्ताद नव्हता. जत्रेतल्या कुस्त्या दोरीच्या बाहेरून पाहून शिकलो. अशी नस मला अजून सापडलेली नाही. तेव्हा तू एक काम कर. सर जेव्हा पोरीला पाडतात तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहू नकोस, पायाकडे पाहा. सरांचा हात लागायच्या आधी तिची टाच उचलते की नंतर, एवढंच मला कळव.

बाकी माझे नियम विसरू नकोस. अंगावर घाम आहे तोवर पाण्याला हात लावायचा नाही. लोखंडी वजनं उचलायची नाहीत, त्यानं उंची बसते आणि अंग आवळून पळणं मंदावतं. आपल्या संतरामचं पाहा. माझा सगळ्यात जुना चेला, पण लोखंडाच्या नादी लागला आणि पाच फुटांवर थांबला. आणि धरलेलं मनगट सोडवायचा आपला मनगटडाव रोज घोटायचा. डावाला ताकद लागत नाही, हे माझं वाक्य लक्षात ठेव.

मामाच्या आठवणीला उत्तर द्यावं.
तुझा,
तातेराव

—

हिंगोली
३० जून २०२५

ती. तातेमामांस,
शिवकन्याचा (फक्त) नमस्कार. वि. वि.

गाठोडं मिळालं. गाठ तुमचीच होती. ती सोडायला मला आणि रीताला मिळून नखं मोडावी लागली. रीता म्हणजे माझ्या बाजूच्या पलंगावरची, सिद्धेश्वर धरणाकडची आहे. तिनं मुदगल पाहून विचारलं की तुझा मामा पोलीस भरतीला पाठवून राहिला का लढाईला.

रागावू नका, पण एक सांगायचं आहे. मागच्या मंगळवारी ग्राउंडवर मला चक्कर आली. आठशे मीटर पळून आले, तोंड कोरडं पडलं होतं, तरी तुमचा नियम म्हणून पाणी घेतलं नाही. पुन्हा पळायला उभी राहिले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. सरांनी पाणी पाजलं, थोडं थोडं, मीठ-साखर घालून. मग सगळ्यांपुढं विचारलं की हे 'घाम वाळेपर्यंत पाणी नाही' कोणी शिकवलं. मी तुमचं नाव घेतलं नाही.

सरांचंही सगळं बराबर आहे असं नाही. पोट कमी होतं म्हणून जाड्या मुलींना प्लास्टिकचं जाकीट घालून पळवतात. जातं ते नुसतं पाणीच, संध्याकाळी जेवल्यावर वजन होतं तिथंच. पावडरचा एक डबा आहे, तो घ्याच म्हणतात. मी घेतला नाही, फुटाणे खाते. पण लोखंड मात्र मी उचलायला लागले आहे, कारण गोळाफेक नुसत्या मुदगलानं होत नाही. आणि मामा, वीस वर्षांच्या मुलीची उंची आता काय बसायची राहिली? संतरामदादाचे वडीलपण तेवढेच आहेत आणि त्यांनी जन्मात लोखंड उचललं नाही.

अजून एक. आईला कळू देऊ नका. पहाटे आम्ही अकॅडमीच्या मागच्या रस्त्यानं पळतो. मी पुढं असते, बाकीच्या मागं राहतात. चार-पाच दिवसांपासून एक मोटारसायकलवाला माझ्या बरोबरीनं हळूहळू गाडी चालवतो. बोलत काही नाही. नंबरप्लेट वाकवलेली आहे. मी भीत नाही, मला मनगटडाव येतो. साखऱ्यात मी तुमच्या हातून शंभरदा सुटले आहे.

मामीला सांगा, तिच्या हातच्या धपाट्यांशिवाय इथं सगळं आहे.
लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.
तुमची,
शिवकन्या

—

साखरा
६ जुलै २०२५

चि. शिवकन्या हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पाण्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. आमच्या काळात कोणी चक्कर येऊन पडलं नाही. पडलं असेल तर त्यानं सांगितलं नाही.

त्या मोटारसायकलवाल्याचं नीट ऐक. पोराच्या चेहऱ्यापेक्षा त्याची गाडी पाहायची. गाडीला वेग देणारी मूठ उजव्या हाताला असते. तू रस्त्याच्या डाव्या कडेनं पळतेस, म्हणजे तो तुझ्या उजव्या अंगाला येतो आणि त्याचा डावा हात तुझ्याकडे मोकळा राहतो. उद्यापासून उजव्या कडेनं पळ. समोरून येणारी गाडी तुला दिसेल, आणि हा मागून आलाच तर तू त्याच्या उजव्या हाताला पडशील. धरायचं तर त्याला मूठ सोडावी लागेल. मूठ सुटली की गाडी मरते. एकटी पुढं जाऊ नकोस, रीताला संगं ठेव. आणि सरांच्या कानावर घाल. सर नाही म्हणाले तर मला लिही, मी येतो. ते काहून नाही म्हणाले ते मी तिथं येऊन विचारतो.

मला सरांवर भरवसा नाही. जो माणूस जाड्या पोरींना प्लास्टिकमध्ये गुंडाळतो आणि वर डबाही विकतो, तो रस्त्यावरच्या गाडीकडे काणाडोळा करणार नाही कशावरून? टाचेचं तू काही लिहिलं नाहीस. विसरलीस, का कोणी लिहू दिलं नाही?

मनगटडाव माझ्यावर घोटून झाला. आता परक्या हातावर घोट. रीताला सांग, मनगट धर आणि सोडू नकोस. माझं शिकवणं तिलाही कळेल. तिच्याकडून फी मागत नाही म्हणावं.

सोयाबीन उगवलं आहे. हरणं येऊन राहिली, म्हणून रात्री शेतात झोपतो. मामी धपाटे पाठवते आहे.

तुझ्या काळजीत असलेला,
तातेराव

—

हिंगोली
१६ जुलै २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आधी टाचेचं. तुम्ही म्हणालात तसं सरांच्या तीन प्रयोगांना मी फक्त पाय पाहिले. तिन्ही वेळा टाच आधी उचलली, हात नंतर लागला. मुली स्वतःच बसतात, मामा. तुमचं बराबर निघालं, आता मिशीला पीळ द्या.

पण मला राहवलं नाही, मी सरांनाच विचारलं. ते हसले. म्हणाले, अगं, नवीन मुलींना हिंमत यावी म्हणून असतं ते. मग मी पडणाऱ्या मुलींना विचारलं. सरांनी बसायला सांगितलं होतं असं एकीनंही म्हटलं नाही. एवढ्या लोकांपुढं सरांचा हात लागला आणि आपण उभंच राहिलो तर बरं दिसत नाही, असं सगळ्याच म्हणाल्या.

हे ऐकलं आणि मला रात्रभर बरं वाटेना. काहून ते सांगते.

तुमच्या सांगण्यावरून मी रीताला मनगट धरायला लावलं होतं. तिनं धरलं. मी तुम्ही शिकवलं तसं अंगठ्याच्या फटीकडे मनगट वळवलं, कोपर पुढं घातलं, हिसका दिला. सुटले नाही. पुन्हा दिला. नाही. उजवा झाला, डावा झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. ती लहानपणापासून बापाबरोबर धरणावर मासळीची जाळी ओढते, तिची बोटं म्हणजे पकड आहे नुसती. मी घामाघूम, आणि ती दुसऱ्या हातानं फुटाणे खात होती. मग म्हणाली, तुझा मामा तुला धरत होता की तुझी नाडी पाहत होता?

मी रागानं तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण मला मागच्या नागपंचमीचा आपल्या तालमीतला खेळ आठवला. संतरामदादा आधी तुमच्या पाया पडला, मग त्यानं तुमचं मनगट धरलं, तुम्ही हिसका दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अगदी पुढं बसले होते. त्याचा अंगठा तुमच्या हिसक्याच्या आधी उघडला होता. तेव्हा मला वाटलं, त्याचा हात घसरला.

मामा, पाया पडून धरणारा माणूस खरं धरतो का?

आणि मला तर तुम्ही स्वतः धरत होता. ते बराबर धरत होता का?

गाडीवाल्याचं सरांना सांगितलं. त्यांनी मागून स्वतःची गाडी पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून तो दिसला नाही. उजव्या कडेनं पळते. पाणी पिते, हे चोरून लिहीत नाही.

रागावलात तरी उत्तर लिहा.
शिवकन्या

—

साखरा
२१ जुलै २०२५

चि. शिवकन्या हिस,
आ. वि. वि.

'पाया पडून धरणारा माणूस खरं धरतो का' हे वाक्य तुझं नव्हे. तुझी वाक्यं मला ठाऊक आहेत, ती अशी टोकदार नसतात. हे तुला कोणी सांगून लिहवलं ते स्पष्ट लिही. सरांना मी टाचेवरून पकडलं, म्हणून त्यांनी अंगठ्यावरून मला पकडायला तुला बसवलं असा माझा संशय आहे. माझी पत्रं त्यांच्या हाती पडतात का? या पाकिटाच्या तोंडावर मी निळ्या पेनानं आडवी रेघ ओढली आहे, अर्धी झाकणावर, अर्धी खाली. तुला मिळेल तेव्हा रेघ जुळते का ते आधी पाहा, मग फोड.

रीताची धरायची पद्धत चुकीची असणार. जाळं ओढणारा माणूस बोटं गुंतवून धरतो, रस्त्यावरचा माणूस तसं धरत नाही. तू कोपर उशिरा घातलं असशील. सव्वीस वर्षांत या तालमीतली साठ-सत्तर पोरं माझ्या हाताखालून गेली. एकाचीही मूठ माझ्या मनगटावर टिकली नाही. साठ-सत्तर पोरांचे हात एकदम घसरत नसतात.

संतरामला मी काही विचारलेलं नाही. विचारायची गरज नाही.

तो गाडीवाला पुन्हा दिसला तर त्याच दिवशी कळव. सरांची गाडी मागून येते म्हणतेस, ती रोज येते की सांगायला येते, तेही पाहा.

तातेराव

—

(त्याच पाकिटात, वहीच्या कागदावर)

शिवकन्ये,

ही चिठ्ठी मी गुपचूप घालून राहिले. तुझ्या मामानं काल रात्री पत्र लिवलं, पाकीट चिकटवलं अन् नरसिंगच्या जीपसाठी कोनाड्यात ठिवलं. पण खरी गंमत आज सकाळी झाली, म्हून मी त्ये वल्या बोटानं उघडलं. रेघ काही मला जुळवता येईना. तू जुळली म्हून सांग.

सकाळी मी म्हशीची धार काढून राहिले व्हते. हे आले अन् हात पुढं केला. म्हन्ले, धर. मी म्हन्लं याड लागलं का, धार तटून राहिली. तर म्हन्ले, शालू, धर अन् सोडू नको, मी म्हन्लो तरी सोडू नको. मग धरलं. इतकी वर्सं म्हशीच्या सडाला धरून बोटं कशी झाली तुला ठाव हाये. त्यायनं हिसका दिला. मी न्हाई सोडलं. कोपर घातलं, वळले, पाय रोवला. मी न्हाई सोडलं. म्हैस मान वळवून आमच्याकडं बघून राहिली. मला हसू येत व्हतं पर त्यायच्या तोंडाकडं पाहिलं अन् हसू गेलं. शेवटी मीच इचारलं, सोडू का. तर मान हलवली.

मंग तालमीत जाऊन संतरामला बलावलं. त्यो आधी पाया पडला, मंग धरलं, अन् पहिल्याच हिसक्याला सोडलं. ह्ये त्याच्यावर असे वरडले की गल्ली गोळा झाली. संतराम रडकुंडीला आला. म्हन्ला, उस्ताद, तुमचा हात मी धरून कसा ठिवू? दुसऱ्या पोरायलाबी इचारलं. समद्यायनं त्येच सांगितलं.

तवापासून तालमीत बसलेत. जेवले न्हाईत. तू त्यायला काही लिवू नको. अन् रीताला म्हनावं, साखऱ्यात तिच्यावानी अजून एक हाये.

तुझी मामी,
शालूबाई

—

हिंगोली
३ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. रेघ बराबर जुळली. मला कोणी काही लिहायला सांगत नाही. टोकदार वाक्यं मी तुमच्याकडूनच शिकले.

आता जे लिहिते ते बसून वाचा. मला काही झालेलं नाही, हे आधीच सांगते. मनगट सुजलं आहे तेवढंच. आईला आजच फोन करून सांगितलं, तिचं रडून झालं आहे.

सरांची गाडी चार दिवस आली आणि मग यायची बंद झाली. तुमचा संशय खरा होता. गुरुवारी पहाटे रीताला ताप होता, म्हणून मी एकटी पुढं होते. उजव्या कडेनंच पळत होते. तो मागून आला, माझ्या अगदी जवळ, आणि हात घातला. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. मूठ सोडून उजव्या हातानं धरावं लागलं त्याला, आणि गाडीनं आचके दिले. पण त्यानं मनगट सोडलं नाही.

मी तुमचा डाव केला. सुटले नाही. खरं सांगते मामा, त्या वेळी मला रीताचे फुटाणे आठवले. ती भेटली नसती तर मी पुन्हा पुन्हा तोच हिसका देत बसले असते, की आता सुटेल, मामाच्या हातून सुटायची तशी. पण नाही सुटत हे मला आधीच ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्यांदा केलाच नाही. दोन्ही हातांनी त्याचाच हात धरला आणि सगळं अंग मागं टाकून खाली बसले, बैठका मारताना लोखंड घेऊन बसते तशी. गाडी त्याच्या अंगावर आडवी झाली आणि त्याचा हात सुटला. मग पळाले. मोठ्यानं ओरडत पळाले. आठशे मीटर माझे एवढ्या वेगात कधी झाले नसतील. मागच्या मुली धावत आल्या, दूधवाला थांबला. तो गाडी टाकून पळाला, पण वाकवलेली नंबरप्लेट गाडीबरोबर तिथंच राहिली. सर माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले, दुपारपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी तो पोरगा सापडला.

म्हणजे उजवी कडा तुमची, बैठका सरांच्या, आणि डाव चालत नाही ही अक्कल रीताची. डाव मात्र कोणाचाच चालला नाही.

आता राग येण्यासारखं. काल अकॅडमीच्या दारावर मोठा फलक लागला. माझा फोटो आणि खाली 'आमच्या स्वसंरक्षण तंत्रानं वाचली'. मला विचारलं नाही. मी सरांना म्हटलं, काढा. ते म्हणाले, बघू. आणि मला तुमचं गाव, तुमची तालीम, सगळं विचारून राहिले होते. काहून ते कळलं नाही.

मामा, मी तुम्हाला दुखवायला नाही लिहिलं ते सगळं. पण तुमच्या तालमीत अजून बारा-पंधरा मुली येतात. त्यांनाही वाटतं की त्या सुटतात.

माया कमी करू नका.
शिवकन्या

—

साखरा
१४ ऑगस्ट २०२५

चि. शिवकन्या हिस,
तातेमामाचे आशीर्वाद, आणि इथूनच तुझ्या पायांना हात. वि. वि.

रेघ बराबर जुळली असं तू लिहिलंस. तुझी मामी डिंक लावल्यावर बोट पदराला पुसते. पदराला डाग होता आणि कोनाड्यातही होता. तेव्हा तिनं तुला काय लिहिलं असेल ते मला कळलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. तिनं नीटच लिहिलं असेल, तिला वाढवून सांगायची सवय नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी हिंगोलीला यायला निघालो होतो. जीपमध्ये बसलो आणि उतरलो. येऊन तुला काय सांगणार होतो? आधी घरचं नीट करायचं ठरवलं.

तालमीचे काही नियम बदलले आहेत. नमस्कार आता शेवटी, खेळ संपल्यावर. आधी कोणी कोणाच्या पाया पडायचं नाही, माझ्याही नाही. ज्यानं मनगट धरलं त्यानं सोडायचं नाही. मान राखायला सोडलं तर त्या दिवशी तालीम त्यानं झाडायची. पहिल्या आठवड्यात रोज संतरामनंच झाडली. आठव्या दिवशी त्यानं माझा हात धरून ठेवला, आणि धरल्या धरल्या डोळ्यांत पाणी आणलं. मी त्याला म्हटलं, आता बराबर. मुलींना आधी पळायचं, आधी ओरडायचं, आणि धरलंच तर सगळं अंग मागं टाकून बसायचं, असं सुरू केलं आहे. मनगटडाव शिकवतो, पण आता सांगतो की याला ताकद लागते. ट्रॅक्टरच्या जुन्या आसापासून वजनाचा एक दांडा केला आहे. मधली पकड मी मुद्दाम जाड ठेवली, म्हणजे बोटांना काम पडतं. मुली बैठका मारताना तो खांद्यावर घेतात. उंचीचं मला अजून पटलेलं नाही. पण बारा वर्षांखालच्या पोरींना तो देत नाही, म्हणजे आपलं दोघांचं राहिलं.

पाण्याचा माठ तालमीच्या दाराशी ठेवला आहे. हे कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. दारात सावली होती म्हणून ठेवला.

आता तू विचारलेलं. तुला मी कधी बराबर धरलं होतं का?

नाही. तुझं मनगट मी हातात ठेवायचो, धरायचो नाही. ज्या मुलीच्या मी पाया पडायचं, तिला दुखेल असं धरू कसा? माझा हात वळतच नव्हता. तू हिसका द्यायचीस, मी सोडायचो, तू टाळ्या वाजवायचीस आणि मला वाटायचं पोरगी तयार झाली. दुसऱ्या मुलींनाही मग तसंच धरत गेलो, त्या कोणाच्या तरी भाच्याच आहेत म्हणून. सरांच्या पोरी स्वतः बसतात हे मला टाचेवरून कळलं. माझा हात स्वतः सुटतो हे कळायला तुझं मनगट सुजावं लागलं.

पोळ्याला ये. आधी तुझे पाय धरीन, मग मनगट. मी सोडणार नाही. दुखलं तर दुखू दे, रडू आलं तर मामी आहे. सुटशील तेव्हा सुटशील, नाही सुटलीस तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. रीतालाही घेऊन ये. मामीला तिचा हात पाहायचा आहे, आणि मलाही.

रागानं लिहिलेलं फाडून टाक, बाकीचं ठेव. मामावरचा हक्क सोडू नकोस.
तुझा,
तातेराव

ता. क. काल प्रेमदास सर गाडी घेऊन आले होते. शाल, नारळ आणि तुझ्या फोटोचा फलक, छोटा केलेला. मी विचारलं, यातली कोणती नस दाबून ही सुटली? ते म्हणाले, मामा, लोकांना हिंमत लागते. मी म्हटलं, मग माझ्या बायकोला तुमचं मनगट धरू देऊ का, तुम्ही नस दाबून सुटून दाखवा. ते म्हणाले, चहा छान झाला आहे. दारावरचा फलक उतरवतो असं कबूल करून गेले. उतरवला का ते तू स्वतः जाऊन पाहा, मला त्यांच्या शब्दावर अजून भरवसा नाही. ते आले होते ते दुसऱ्याच कामाला, आणि त्याला मी चहा संपायच्या आत नाही म्हणालो. काम असं होतं की सेनगावात त्यांची शाखा काढायची, पाटीवर माझं नाव 'मुख्य उस्ताद' म्हणून घालायचं, शाळा-शाळांतल्या मुलींना सात दिवसांत मनगटडाव शिकवायचा, आणि 'ही मुलगी स्वतःला सोडवू शकते' असं छापलेल्या सर्टिफिकेटावर खाली मी सही करायची. महिना पंचवीस हजार रुपये.